गाडीखालचं अस्तर

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

फोनच केला असता, पण फोनवर तू नुसता "काय? काय?" करतोस आणि शेवटी "बरं, बरं" म्हणून ठेवून देतोस. बसच्या वर्कशॉपमधल्या हातोड्यांनी तुझे कान नेले, जीभ मात्र शाबूत ठेवली. म्हणून पत्र.

मी गाडी घ्यायचं ठरवलं आहे. आमच्या गल्लीच्या टोकाशी लाँड्री आहे, तिच्या मालकांची. लांबलचक, डिझेलवरची, मागचं दार वर उघडणारी. तिच्यातून ते हॉटेलांच्या चादरी पोचवायचे. आता हॉटेलांनी स्वतःची मशीनं घेतली, आणि लाँड्रीवाल्यांच्या गुडघ्यांनीही हात टेकले. गाडी दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर चालली आहे. आकडा पुन्हा वाच आणि काय ओरडायचं ते ओरडून घे.

झालं? आता कारण ऐक. हे होते तोवर पडद्यांचे रॉड, शिडी, कापडाचे गठ्ठे सगळं आमच्या व्हॅनमधून जायचं. हे गेले आणि महिन्याभरात पोराने व्हॅन विकली. तेव्हापासून मी टेम्पोवाल्याच्या मर्जीवर आहे. तो येईल तेव्हा येतो, आणि पडदे लावून होईपर्यंत थांबत नाही. मागच्या आठवड्यात रॉड घेऊन बसमध्ये चढले, तर कंडक्टर म्हणतो, "बाई, भाला घेऊन कुठल्या लढाईला निघालात?" सगळी बस हसली. मीही हसले आणि उतरले. रॉड खांद्यावर टाकून चालत घरी आले.

आता नव्या प्रसूती रुग्णालयाचं काम मिळालं आहे. सगळ्या वॉर्डांत खाटांच्या मधले पडदे, एप्रिल संपायच्या आत लावून द्यायचे. हे काम निभावलं तर दुकान राहील. नाही निभावलं तर दुकानाला कुलूप, आणि मी पोराच्या घरी कायमची पाहुणी. त्याला गाडीचं काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

जुनी गाडी कशी पारखायची ते सविस्तर लिही. गाडी चालवायचं मी विसरलेले नाही. यांना ताप असला की व्हॅन मीच काढायची.

तुझी
कात्री

---

९ फेब्रुवारी

कात्रे,

घेऊ नकोस.

दोन लाख ऐंशी हजार! अगं, पृथ्वीला सात वेढे घालून दमलेलं यंत्र ते. मी तीस वर्षं इंजिनांची पोटं फाडली आहेत. माणूस म्हातारा झाला की निदान कुरकुर करून सांगतो. यंत्र सांगत नाही. विकणाऱ्याच्या दारात गोड बोलतं आणि भर चढावर तोंड फिरवतं. त्या चढावर तू एकटी, मागे ट्रकची रांग, आणि डिकीत शिडी. या चित्राखाली मी सही करणार नाही.

आणि हे सगळं कशासाठी? मशीनवर वाकून तुझी पाठ धनुष्य झाली. विश्रांती ही कुणी घातलेली भीक नाही, तो कष्टकऱ्याचा हक्क आहे! त्यासाठी आम्ही वर्कशॉपच्या गेटवर उन्हात बसलो, लाठ्या खाल्ल्या. मिळालेला हक्क वापरायचा नाही, ही कसली हौस? पोरगा बोलावतो आहे, सून बोलावते आहे. बागेकडच्या खिडकीशी तुझं मशीन मांडायला जागासुद्धा केली आहे. शिवायचीच खाज असेल तर तिथे बस आणि नातीचे फ्रॉक शिव.

रुग्णालयाचं काम दुसऱ्या कुणाला दे. राग येईल तुला. येऊ दे. राग पचतो, अपघात पचत नाही.

तुझा
दादा

---

१४ फेब्रुवारी

दादा,

बागेकडच्या कुठल्या खिडकीशी?

मला त्या खिडकीची खबर पहिल्यांदा तुझ्या पत्रातून लागली. म्हणजे पोराने मला सांगायच्या आधी तुला लिहिलं, आणि तुम्ही दोघांनी मिळून मी कुठे बसायचं ते ठरवलं. मामा-भाच्याची सभा भरली, ठराव पास झाला, फक्त जिच्याबद्दल ठराव तिला बोलावणं नव्हतं. इतकी वर्षं वर्कशॉपचा भोंगा म्हणून मिरवलास, आणि आता बहिणीच्या कानाशी कुजबुज?

तुला आठवत नसेल, तर मी आठवण करून देते. तुमच्या वर्कशॉपमधल्या बसच्या सीट शिवणाऱ्या बायकांना घरी बसवायला निघाले होते. साहेब म्हणाले, बायका थकल्या आहेत, त्यांना आराम मिळेल. तू गेटवर खोक्यावर चढलास आणि गरजलास, "हातातलं काम काढून घ्यायचं आणि वर म्हणायचं, बाई, आराम करा! हा आराम नाही, ही हकालपट्टी आहे!" मी गर्दीत उभी होते, दादा. टाळ्या वाजवून माझे तळवे लाल झाले होते. त्या बायका परत मशीनवर बसल्या. मग मी काय निराळ्या मातीची आहे? का भाषण परक्या बायकांसाठी, आणि बहिणीसाठी खिडकी?

मला तुझी परवानगी नको आहे. गाडी पारखायची कशी, एवढंच विचारलं होतं. सांगितलंस तर पारखून घेईन. नाही सांगितलंस तर न पारखता घेईन. बघ, तुला काय झेपतं.

कात्री

---

१९ फेब्रुवारी

कात्रे,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग खाली बसलो. माझंच वाक्य माझ्या थोबाडावर फेकलंस. बरोबर फेकलंस. त्या भाषणातला एक शब्दही मी मागे घेत नाही, म्हणून मागच्या पत्रातला हक्कबिक्काचा मजकूर मागे घेतो.

पोराचं पत्र तुझ्या पत्राच्या आधी आलं होतं. गाडीबद्दल मी त्याला अवाक्षर लिहिलेलं नाही. तो काय म्हणाला तेही ऐक: "आई फोन उचलत नाही तेव्हा ती शिडीवर असेल की शिडीवरून पडली असेल, हे मला इथून कळत नाही." यात सभा नाही, ठराव नाही. भीती आहे. मलाही तीच आहे. पण भीतीला मत देण्याचा अधिकार नसतो, हे मी जन्मभर सांगत आलो.

तेव्हा लिहून घे. सकाळी जा, आणि न कळवता जा. आधी बॉनेटवर तळवा ठेव. गरम लागलं तर मागे फिर. तुझ्यासाठी इंजिन आधीच चालवून ठेवलंय असं समज. थंड असेल तर चालू करायला सांग आणि मागे जाऊन धूर बघ. काळा धूर थोडा चालेल. निळा निघाला आणि थांबला नाही, तर इंजिन ऑइल पितंय. पांढरा दाटून येत राहिला तर आत पाणी शिरतंय. आवाज ऐकायला मी तिथे असून उपयोग नव्हताच, तेव्हा तू ऐक आणि मला समजेल असं लिही.

आणि मुख्य गोष्ट. गाडी रात्रभर एका जागी उभी करून खाली पांढरी चादर पसर. सकाळी चादरीवर जे पडलं असेल, ते खोटं बोलत नाही. विकणारा खोटं बोलेल, गाडी खोटं बोलेल, डाग बोलणार नाही.

दादा

---

२४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सांगितलंस तसं केलं. बॉनेट थंडगार. पहिल्या किल्लीला गाडी खोकली, दुसऱ्या किल्लीला उठली. चार पदरी जाड कापडावर माझं मशीन चालतं ना, सुई आपटत जाते तशी टकटक, तसा आवाज होता. गरम होत गेली तशी टकटक विरली आणि नुसती घरघर उरली. धूर आधी काळपट, मग दिसेनासा. निळा नाही, पांढरा नाही. मी हातरुमाल धरून बघितला.

आता चादरीचं ऐक, आणि खुर्चीत नीट बस.

चादर कशाला वाया घालवायची म्हणून पांढऱ्या अस्तराचा मोठा तुकडा नेला. संध्याकाळी लाँड्रीवाल्यांच्या अंगणात गाडीखाली पसरला. सकाळी गेले तर गाडीखाली काही नाही. लाँड्रीवाले हसत बाहेर आले. हातात माझं अस्तर: धुतलेलं, इस्त्री केलेलं, घडी घालून कागदात गुंडाळलेलं.

"हे काय?" मी.

"तुमचं अस्तर, ताई."

"यावर डाग पडला होता का?"

"पडला होता हो! म्हणून तर धुतलं. दोन पाण्यात गेला."

"अहो, पण कुठे पडला होता? केवढा? कसला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. "गेलेल्या डागाची चौकशी कोण करतं, ताई?"

आतून त्यांची बायको ओरडली, "त्यांना सांगून उपयोग नाही! पाहुणा जरा जास्त वेळ बसला तर त्याच्या अंगावरचा शर्ट उतरवून घेतील!"

काय करू, सांग. अस्तर मी नेलं होतं त्याहून पांढरं झालं आहे.

तुझी
कात्री

---

१ मार्च

कात्रे,

पुरावा धुतला! आणि तू मला त्याच्या बायकोचे विनोद लिहून पाठवतेस!

अगं, चोराने पावलं पुसून वर अंगण सारवून दिलं, तर त्याला नीटनेटका म्हणायचं का? तीस वर्षांत मी खूप विकणारे पाहिले. कुणी भुसा टाकतो, कुणी रंग मारतो, कुणी गळक्या नळीला चिंधी बांधतो. इस्त्री करून देणारा हा पहिलाच. डाग "होता" एवढं तो स्वतःच्या तोंडाने कबूल करतो आणि कुठे होता ते सांगत नाही. यात मला भोळेपणा दिसत नाही, लबाडी दिसते, आणि लबाडी जेवढी स्वच्छ तेवढी धोक्याची.

त्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. मी हट्टाने विरोध करत नाही. गाडी घे, पण दुसरी बघ. आवाजाचं तू लिहिलंस ते वाईट नाही, थंड डिझेल इंजिन तसं बोलतंच. म्हणून तर जास्त राग येतो. गाडी बरी असून मालक खोटा निघाला, तर त्या बरेपणावर विश्वास कसा ठेवायचा?

दादा

---

८ मार्च

प्रिय दादा,

पाऊल ठेवलं. एक नाही, दोन्ही ठेवली.

तुझं पत्र मी लाँड्रीवाल्यांना वाचून दाखवलं. "लबाडी" शब्दाला ते कानापर्यंत लाल झाले. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या भावाला सांगा, जन्मभर हेच केलं. डाग दिसला की हात थांबत नाही. मला वाटलं तुमचं कापड चुकून राहिलं, वाऱ्याने गाडीखाली गेलं. तुम्ही ते मुद्दाम घाण व्हायला ठेवलंय, हे माझ्या डोक्यात कसं येणार?"

खरंच, कसं येणार? मी तरी त्यांना कुठे सांगितलं होतं? अस्तर पसरताना त्यांची बायको दारात होती, तिलाही नाही. गुपचूप परीक्षा घ्यायला गेले आणि परीक्षा धुऊन निघाली.

म्हणून या वेळी समोर बसवून सांगितलं. नवं अस्तर पसरलं. शिवणाच्या खडूने त्यावर चाकांच्या जागा आखल्या, समोर रेडिएटर, मग इंजिन, मग गिअरबॉक्स, सगळं त्यांनाच विचारून लिहिलं. बाईंनी साबणाच्या खोलीला कुलूप लावून किल्ली पदराला बांधली. सकाळी गेले तर लाँड्रीवाले पायरीवर बसले होते, अस्तराकडे पाठ करून. "लवकर न्या हो ते," म्हणाले, "सहन होत नाही."

अस्तर या पार्सलमध्ये आहे. हात लावलेला नाही, घडी तेवढी माझी.

नंतर गाडी मी चालवून पाहिली. त्यांना सोबत या म्हटलं, तर म्हणाले, "मी आलो तर गाडीची बाजू घेईन. तुम्हीच न्या. फक्त तिसरा गिअर रुसतो, त्याला घाई करू नका." रुग्णालयाच्या रस्त्याला तो उभा चढ आहे ना, तिथे नेली. रॉड आत, शिडी वर. चढावर माझ्या मागे ट्रक होता, तुझ्या चित्रातलाच. गाडी चढली. तिसरा गिअर रुसला, मी थांबले, मग पडला.

रुग्णालयात रंगकाम चालू आहे. खाटा आल्यात, पण मध्ये काही नाही, सगळं उघडं. मुकादम म्हणाला, "पडदेवाल्या बाई, तुमच्यावाचून अडणार इथे." दादा, किती दिवसांनी कुणाचं माझ्यावाचून अडतंय!

आता अस्तर वाच आणि खरं सांग. वाईट असेल तर वाईट सांग. ऐकेन.

तुझी
कात्री

---

१४ मार्च

कात्रे,

पहिलं काम: लाँड्रीवाल्यांना माझा नमस्कार सांग, आणि "लबाडी" हा शब्द मी परत घेतला म्हणून सांग. गेटवर उभं राहून चुकीचं बोललो असतो तर गेटवरच परत घेतला असता. म्हणून हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

अस्तर टेबलावर पसरलं. खिडकीशी नेलं, बोटाने चोळलं, हुंगलं. शेजारी डोकावून गेला, त्याला वाटलं म्हातारा कपडे धुवायला बसला. रेडिएटरच्या जागी कोरडं आहे, हे मोठं बरं. इंजिनखाली दोन शिंतोडे, या वयाला तेवढे माफ. पण गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला बांगडीएवढा तपकिरी डाग आहे. दाट, जड वासाचा. तिथलं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेलं आहे. गिअरबॉक्समधलं तेल हळूहळू कमी होतंय, तिसरा गिअर बहुधा त्यामुळेच रुसतो. असंच चालवत राहिलीस तर रुसवा वाढून गिअरबॉक्स बसेल. सील बदललं, तेल भरलं, तर गाडी पुढे चालेल. वर्षा-दोन वर्षांत क्लचही मागेल. ही गाडी तुला बुडवणार नाही, आणि फुकट राबणारही नाही. राबणाऱ्याने फुकट राबावं, असं मी कधीच म्हटलेलं नाही.

"घेऊ नकोस" म्हणायला कारण मिळावं म्हणून मी ते कापड तीनदा उलटंसुलटं केलं. मिळालं नाही. घे.

दोन अटी. सील बदलेपर्यंत लांब जाऊ नकोस. आणि ते सील मी येऊन बदलणार. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, गल्लीतल्या कुणाच्याही हाती तो देऊ नकोस. माझे कान गेलेत, हात जागेवर आहेत. दुसरी अट पोराची. त्याला तू सांग. फोनवर नाही, समोर बसवून. त्याच्यामागे आपण दोघं ठरवत होतो, असं म्हणायची पाळी त्याच्यावर आणू नकोस. ती काय चीज आहे, तुला ठाऊक आहे.

दादा

---

६ एप्रिल

प्रिय दादा,

गाडी दारात आहे. विकताना लाँड्रीवाल्यांनी ती आतून-बाहेरून अशी धुतली की मी आत बसायला बिचकले. बाईंनी सांगितलं, शेवटी टायरसुद्धा पुसत होते.

रविवारी पोराला बोलावलं. तो आला, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून मीटर वाचलं आणि पायरीवर बसला. मी सगळं सांगितलं. चढ, गिअर, डाग, तुझी पत्रं. काही झाकलं नाही. मग म्हणाला, "मी बाबांची व्हॅन विकली, तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस."

"तू विचारशील म्हणून थांबले होते."

"मला वाटलं, रोज दारात ती दिसली की तुला त्रास होईल."

"त्रास झाला, बाळा. ती दारात नव्हती त्याचा."

मी पाणी आणून दिलं, तो प्यायला. मग विचारलं, "आज जायचंय का तिकडे?" म्हटलं, "जायचंय. येणार असशील तर शिडी धरायची." आला. जाताना-येताना मागे दाराची कड अशी घट्ट धरून बसला होता की बोटं पांढरी पडली. पण तोंडातून "सांभाळ" असा शब्दही काढला नाही. शिडी मात्र दगडासारखी धरली. पहिल्या वॉर्डातला शेवटचा पडदा लावून खाली उतरले, तर हा दोरी ओढून पडदा उघडतो काय, मिटतो काय, पुन्हा उघडतो काय! लहानपणी दुकानात करायचा तसाच.

परतल्यावर म्हणाला, "मला पटलेलं नाही, आई."

म्हटलं, "नको पटू दे. महिन्यातून एकदा येऊन टायरची हवा बघ आणि न पटल्याचं सांगून जा."

हसला. त्या खिडकीशी सुनेने स्वतःचं टेबल मांडलं आहे म्हणे. छान झालं. जागा रिकामी ठेवू नये.

तीन वॉर्ड झाले, दोन उरले. तिथेही मीच पडदे लावणार, महिना संपायच्या आत. या रुग्णालयाच्या मालकांच्याच दुसऱ्या, मोठ्या दवाखान्याकडून पडद्यांसाठी विचारणा आली आहे. तो गावाबाहेर आहे, म्हणजे सील आता लवकर बदलायला हवं. तेव्हा तू ये. हत्यारं घेऊन ये. लाँड्रीवाले गिअरबॉक्स पुसायला मिळणार म्हणून आत्तापासून चिंध्या काढून बसलेत.

स्टेशनवर घ्यायला मी येते. ड्रायव्हरशेजारची सीट मी काढून टाकली आहे, रॉड तिथूनच जातात. तेव्हा तुला मागे बसावं लागेल. गाडी कशी चालवायची याबद्दल सूचना असतील, तर निघायच्या आधी लिहून पाठव. चालवताना मी पत्रं वाचत नाही.

तुझी
कात्री